साठ पोत्यांचे घर

गेल्या आठवड्यात समोरच्या प्लॉटवर स्लॅब पडला. सकाळी नऊच्या सुमारास ते मोठे गोल पिंप फिरवीत एक ट्रक आला, त्याच्यामागे दुसरा, आणि पंपाची गाडी. जाडजूड पाइप वर नेला, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत सगळा स्लॅब भरून झाला. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून शेवटपर्यंत बघत होतो. सबंध कामात सिमेंटचे एक पोते काही माझ्या दृष्टीस पडले नाही!

नात म्हणाली, "आजोबा, एवढं काय बघताय त्यात?" तिला काय सांगणार? पण तुम्हाला सांगतो. इतिहासाच्या मास्तरला चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला निमित्तच हवे असते.

आमचे हे कऱ्हाडचे घर १९८१ सालचे. नकाशा काढला तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरसाहेबांनी. पैसा माझा, म्हणजे पतपेढीचा, भविष्यनिर्वाह निधीचा आणि सौ.च्या पाटल्यांचा. मात्र घर केवढे व्हायचे, त्यावर छप्पर कसले यायचे आणि भिंतींना गिलावा कधी लागायचा हे सगळे ठरवले सिमेंटच्या परमिटाने. आज दुकानात जाऊन पाहिजे तेवढी पोती उचलणाऱ्या मंडळींना हे खरे वाटणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. घर दगडमातीचे, पणजोबांनी बांधलेले. भिंती दोन-दोन फूट रुंद. लहानपणी मला त्या भिंतींचा मोठा अभिमान वाटे. कोनाड्यात मी अख्खा बसत असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जो भूकंप झाला त्यात त्या भिंती बसल्या. मी तेव्हा अठरा वर्षांचा, कॉलेजसाठी कऱ्हाडात खोली घेऊन राहत होतो. आम्ही पोरे अंथरुणातून उठून रस्त्यावर पळालो. कऱ्हाडात हादरा मोठा होता, पण खरा घाव कोयनानगरला आणि आसपासच्या गावांना बसला. एकंदर पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. त्यांत आमची आजी. ती माजघरात भिंतीलगत झोपायची, कारण तिथे ऊब असे.

मी दुपारी पोचलो. वडील अंगणात बसून होते. पडलेली भिंत मी नीट बघितली ती तेव्हाच, आणि बघितलेले विसरलो नाही. भिंत एकसंध नव्हतीच. बाहेरच्या बाजूने एक दगडाचा थर, आतल्या बाजूने दुसरा, आणि मध्ये माती व बारीक दगड ठासलेले. हादऱ्याने दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा अंगणात गेला आणि आतला घरात. दोन फुटांची भिंत म्हणजे खरे तर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती. आरपार जाणारा एकही लांब दगड तिच्यात नव्हता. आपल्याकडे शेकडो गावांत अशाच भिंती होत्या.

त्यावेळच्या समजुतीप्रमाणे दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धास्त होते. कोयनेनंतर देशाचा भूकंपाचा नकाशाच बदलावा लागला, १९७० साली. पण नकाशा बदलून आजी थोडीच परत येणार होती!

असो. पुढे मी बी.ए., बी.एड. करून कऱ्हाडातच शाळेला लागलो, लग्न झाले, एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. १९७८ साली शिक्षकांनी मिळून केलेल्या सोसायटीत मला प्लॉट मिळाला. आधी ती जमीन उसाची होती. पूर्वी गावाची जमीन 'काळी' आणि 'पांढरी' अशी दोन भागांत ओळखत. काळी कसायची, पांढरी वस्तीची. इतिहास शिकवताना हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवी. १९६६ च्या महसूल कायद्याने काळीवर घर बांधायचे तर तेव्हा बिगरशेतीची परवानगी लागे. ती मिळायला सोसायटीला दीड वर्ष गेले. (त्या दीड वर्षात सोसायटीचे तीन अध्यक्ष झाले. त्याचा इतिहास वेगळा, तो मी लिहिणार नाही.)

आता सिमेंट. आपल्या पिढीला सिमेंट म्हणजे जणू अनादिकाळापासूनची वस्तू वाटते. इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन नावाच्या गवंड्याने 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले १८२४ साली. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम सहा वर्षे झाली होती. शनिवारवाड्याच्या एकाही भिंतीत सिमेंट नाही, सगळा चुना. भारतात सिमेंटचे उत्पादन नीट सुरू झाले ते १९१४ मध्ये पोरबंदरला. पुढे स्वातंत्र्य मिळाले, धरणे, कालवे, पूल, कारखाने यांची कामे निघाली आणि जो तो सिमेंट मागू लागला. १९५६ साली सिमेंटचे वाटप सरकारी व्यापार महामंडळाकडे गेले. जानेवारी १९६६ मध्ये नियंत्रण उठवले, आणि १९६८ च्या आरंभी पुन्हा बसवले! सरकार भाव बांधून देई. तो इतका खाली की नवा कारखाना काढायला कोणी उत्सुक नसे. असलेल्या कारखान्यांना विजेची कपात, कोळशाच्या वाघिणी वेळेवर येत नसत. १९८०-८१ साली सबंध देशाचे उत्पादन दोन कोटी टनांच्याही खाली होते. आज ते चाळीस कोटींच्या पुढे गेले आहे. म्हणजे तेव्हा जे काही पिकत होते त्यातले आधी सरकारी कामांना, मग मोठ्या कामांना, आणि तळाशी जे उरेल ते परमिटवर आमच्यासारख्यांना. सत्तरीच्या अखेरीस तर कोरियाहून सिमेंट आणावे लागले होते.

ओव्हरसियरसाहेबांनी पाचशे चौरस फुटांचा नकाशा काढला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, व्हरांडा, वर स्लॅब. मग चष्मा पुसून हिशेब केला आणि म्हणाले, "गुरुजी, साधारण दोनशे पोती लागतील."

मी दोनशे पोत्यांचा अर्ज केला. सोबत नकाशा, बिगरशेतीचा आदेश, शाळेचा दाखला. चार महिने खेटे घातले. कचेरीचे नाव घेत नाही, आणि तिथल्या कारकुनाला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याच्या टेबलावर माझ्यासारखे अर्ज ढिगाने पडलेले असत. १९८१ च्या जानेवारीत परमिट हातात आले. साठ पोत्यांचे! त्यातली चाळीस लगेच, वीस 'पुढील आवक झाल्यावर'. ती पुढील आवक माझ्यापुरती आजतागायत झालेली नाही.

मी परमिट घेऊन साहेबांकडे गेलो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा आकडे मांडले. पायाच्या खालचे काँक्रीट, जोत्यावरचा पट्टा, नऊ इंची विटांचे बांधकाम, खिडक्या-दारांवरचा पट्टा, स्लॅब, गिलावा, फरशी. स्लॅबच्या नावाने चौतीस पोती होती. तिथे त्यांनी पेन्सिल थांबवली.

"मिस्त्रीला विचारू, पाया चुन्यात होईल का," ते म्हणाले.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांचे वडील चुन्यात काम केलेले. ते खूश झाले. "गुरुजी, चुन्याचं काम म्हंजे दगडात दगुड. पर घाई न्हाई करायची." घाणीत मळलेला चुना मिळणारे एक ठिकाण तेव्हाही शिल्लक होते. काळ्या दगडाचा पाया आम्ही चुन्यात केला. जागोजाग भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, एवढी एकच अट मी मिस्त्रींना घातली होती. ते हसले नाहीत. कोयनेच्या वेळी तेही पाटणच्या बाजूला कामावर होते, हे मला नंतर कळले.

चाळीस पोत्यांत जोत्याचा पट्टा झाला आणि विटांचे काम खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत आले. मे महिना उजाडला. पोती संपली.

इथे खरी पंचाईत झाली. दारा-खिडक्यांवर सुटे सुटे लिंटल टाकून भागवता येते. बहुतेक लोक तेव्हा तसेच करत. पण साहेबांचा आग्रह होता सलग पट्ट्याचा. म्हणजे सळया घातलेला काँक्रीटचा सहा इंचांचा थर, घराच्या सगळ्या भिंतींवरून, आतल्या भिंतींवरूनसुद्धा, कुठेही न तुटता फिरवायचा. पेटीला लोखंडी पट्टी आवळावी तसा. भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून. भारतीय मानक संस्थेने भूकंपातल्या बांधकामाची एक नियमपुस्तिका काढली होती, तीही नेमकी १९६७ सालची. साहेबांकडे तिची १९७६ ची सुधारित प्रत होती. ती ते गीतेसारखी कपड्यात गुंडाळून ठेवत. पट्ट्याला दहा पोती लागणार होती, वरच्या विटकामाला आणि किरकोळ कामांना आणखी आठ-दहा.

वीस पोती. परमिटवरची राहिलेली वीस मी मागायला गेलो. "पावसाळ्यानंतर या."

पावसाळ्यानंतर! अर्धवट भिंती चार महिने पावसात उभ्या ठेवायच्या?

गावात सिमेंट नव्हते असे नाही. होते. सरकारी भाव तीस रुपयांच्या आतबाहेर, आणि एका दुकानात मागच्या दाराने पासष्ट रुपयांना पाहिजे तेवढी पोती. हे सगळ्यांना माहीत होते. माझ्या हातात तेव्हा महिना सातशे रुपये पडत. वीस पोती म्हणजे तेराशे. पण पैशापेक्षा दुसरीच गोष्ट आड येत होती. मी आठवीला इतिहासाबरोबर नागरिकशास्त्रही शिकवत असे. काळाबाजार, साठेबाजी, नागरिकांची कर्तव्ये हा पाठ मी दरवर्षी अगदी तळमळीने घेई. आणि त्या दुकानदाराचा मुलगा माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा.

दोन रात्री झोप लागली नाही. सौ.ला म्हणालो, "सुटे लिंटल टाकू. पुष्कळ लोक टाकतात." ती म्हणाली, "अहो, तुमच्या आजींचं तुम्हीच सांगता ना? मग पट्टा करायचा." आणि आतून पाटल्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. जोडी तिच्या आईने दिलेली होती.

वीस पोती रात्री साडेदहाला हातगाडीने आली. तागाची पोती असायची तेव्हा. त्यांतून सिमेंट झिरपत यायचे आणि रस्त्यावर करडी रेघ उमटायची. सकाळी उठून मी पहिले काम केले ते आमच्या फाटकापासून कोपऱ्यापर्यंतची ती रेघ झाडून काढण्याचे. शाळेत निघालेली दोन मुले थांबून "नमस्कार सर" म्हणाली. माझ्या हातात खराटा होता.

पट्टा झाला. मग पाणी मारायचे. सिमेंट वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज आहे, तो खोटा आहे; ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, आणि पहिले सात-आठ दिवस ओल राहिली नाही तर पुढे कितीही पाणी ओता, उपयोग नाही. मेच्या उन्हात पट्ट्यावर गोणपाटे टाकून ती ओली ठेवायची. नळाला पाणी रात्री दोननंतर यायचे. ती बादल्या भरून शिडीशी आणून ठेवी, मी वर चढून ओती. पुन्हा दुपारी मी शाळेच्या निकालाच्या कामाला गेलो की ती एकटी शिडी चढे. शेजारच्या बायका नावे ठेवत. तिने दहा दिवस एकही वेळ चुकवली नाही.

स्लॅबचे मग मीच साहेबांना नको म्हणालो. आणखी चौतीस पोती आणायची म्हणजे आणखी दोन हजारांवर रुपये, आणि आणखी किती सकाळी खराटा घेऊन रस्त्यावर. आम्ही लाकडी कैच्या उभ्या केल्या आणि मंगलोरी कौले चढवली. आत शहाबादी फरशी. भिंतींना गिलावा नाही. विटांवर नुसता चुन्याचा हात. ७ जूनला पाऊस आला तेव्हा आम्ही आत होतो.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींचा तो गाजलेला लेख आला. मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. त्यांच्या प्रतिष्ठानांना बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि त्याच बिल्डरांना मिळालेले सिमेंट, असा तो विषय. महाराष्ट्रभर नुसता कल्लोळ उडाला. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावे लागले. (फौजदारी खटल्याचे पुढे काय झाले ती कथा फार लांबलचक आहे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला आपलाच आधीचा आदेश मागे घेतला.)

शिक्षकखोलीत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. जो तो तावातावाने बोले. "आम्हाला साठ पोती देताना जीव जातो, आणि तिकडे बघा!" असे एकजण माझ्याकडे हात करून म्हणाले. माझे परमिट सर्वांना ठाऊक होते. मी मान हलवली. राग मलाही आला होता, अगदी खराखुरा. पण तोंड उघडले नाही. त्या वर्षी नागरिकशास्त्राचा तो पाठ मी पंधरा मिनिटांत संपवला. तिसऱ्या बाकाकडे बघितले नाही. मुलगा फार हुशार होता, आणि त्याला सगळे माहीत असणार असे मला उगाच वाटत राहिले.

अनेकजण म्हणतात, त्या काळी सगळेच करत होते. मी स्वतःशी तसे म्हणून बघितले आहे. टंचाईचा इतिहास लिहिणारे मंत्री, बिल्डर, कारखानदार यांचाच लिहितात. खरेदी करणाऱ्यांची एक बाजू असते आणि ती आमच्यासारख्यांनी लिहायला पाहिजे. बंधने चुकीची होती हे आज अर्थशास्त्राचा कोणीही विद्यार्थी सांगेल, मलाही पटते. तरी ती रेघ मी झाडली होती, हेही तितकेच खरे.

गंमत अशी की अंतुले जाऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस, केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अर्धेमुर्धे उठवले. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन तृतीयांश माल सरकारला ठरल्या भावाने द्यायचा, उरलेला खुशाल बाजारात विकायचा. दुकानांच्या पुढच्या दाराशी पोती दिसू लागली! मार्च १९८९ मध्ये उरलेले नियंत्रणही गेले. आमच्या भिंतींना गिलावा लागला १९८३ च्या दिवाळीत, खुल्या बाजारातल्या सिमेंटचा, पावतीसह. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. शाळेने जमवलेले धान्य आणि घोंगड्या घेऊन आम्ही तिघे शिक्षक गेलो होतो. तिथे घरांवर मातीची जाड धाबी; वजन भयंकर. पण भिंती बघितल्या आणि मला चालवेना. तेच दोन थर, मध्ये माती. एक बाहेर पडलेला, एक आत. पुढे तिथली बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. परत आल्यावर मी आमच्या घराभोवती एक फेरी मारली, पट्ट्याच्या रेषेवरून डोळा फिरवत. कोयनेच्या खोऱ्यात लहानमोठे धक्के चालूच असतात. चाळीस वर्षांत कौले पुष्कळदा खडखडली, कोपऱ्यात भेग म्हणून पडली नाही.

मुलगा गेली पाच-सहा वर्षे मागे लागला आहे, "बाबा, कौलं उतरवू, स्लॅब टाकू, वर मजला घेऊ." इंजिनियरही येऊन बघून गेला. पट्ट्यावर बोटाने टकटक करून म्हणाला, "काका, हे काम कोणी केलं होतं? चांगलं आहे." साहेब आणि मिस्त्री दोघेही केव्हाच गेले. ही जाऊन चार वर्षे झाली. मी मुलाला हो म्हणालेलो नाही आणि नाहीही म्हणालेलो नाही. बिनापरवान्याची वस्तू घरात एकच आहे आणि ती नेमकी घराला आवळून बसली आहे, हे त्याला मी अजून सांगितलेले नव्हते. आता वाचेल.

त्या वीसांतले एक पोते उरले होते. स्लॅबसाठी उपयोगी पडेल म्हणून ठेवले, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा दगड झाला. ताग कुजून गेला, पण त्याची वीण दगडावर उमटली आहे. मागे न्हाणीपाशी ते पडलेले असते. ही त्यावर कपडे आपटायची.

परवा संध्याकाळी समोरच्या कामावरचा पोरगा फाटकाशी आला. त्यांची मोटर बंद पडली होती. "बाबा, स्लॅबला पाणी मारायचंय, तुमच्या नळाला पाइप लावू का?" मी म्हणालो, लाव. रात्री दोनला उठून बघितले, तर स्लॅब कोरडा आणि पोरगा वाळूच्या ढिगावर गाढ झोपलेला. त्याला हाक मारून उठवले.